जुन्या टर्बो गाड्या इतके पेट्रोल का पीत?

१९७३ सालच्या सप्टेंबर महिन्यात जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे भरलेल्या मोटारींच्या प्रदर्शनात बीएमडब्ल्यू कंपनीने एक लहानशी, दोन दारांची गाडी मांडली. तिचे नाव होते ‘२००२ टर्बो’. गाडीच्या पुढच्या पट्टीवर हे नाव उलट्या अक्षरांत रंगवलेले होते. असे का? तर पुढच्या गाडीतील चालकाने आपल्या आरशात पाहिले की त्याला ते सुलटे वाचता यावे आणि त्याने मुकाट्याने बाजूला व्हावे! सपाट आरशातील प्रतिमेची डावी-उजवी बाजू बदलते, हा शाळेतला धडा जाहिरातीसाठी असा वापरलेला होता.

पण ही ऐट फार दिवस टिकली नाही. पुढच्याच महिन्यात पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि अरब देशांनी खनिज तेलाचा पुरवठा कमी केला. पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला तेलाचा भाव काही महिन्यांतच १२ डॉलरच्या जवळ पोचला. पश्चिम जर्मनीत त्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात चार रविवारी खाजगी मोटारी रस्त्यावर आणायला बंदी होती. अशा दिवसांत पेट्रोल पिणाऱ्या गाडीचे कौतुक कोण करणार? अवघ्या १,६७० च्या आसपास गाड्या बनवून कंपनीने या गाडीचे उत्पादन थांबवले.

यात एक कोडे दडलेले आहे. टर्बो हे यंत्र एंजिनातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या तप्त वायूंवर चालते. म्हणजे जी ऊर्जा एरवी फुकट जाते, तिच्यातला काही भाग ते परत मिळवते. फुकट जाणारी ऊर्जा वाचवणारे यंत्र बसवल्यावर गाडीचे पेट्रोल वाचायला हवे. मग १९७० ते १९९० च्या काळातल्या टर्बो गाड्या पेट्रोल पिण्याबद्दल बदनाम का झाल्या? हे कोडे आपण टप्प्याटप्प्याने सोडवू.

एंजिनाची खरी भूक हवेची

एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जाळायला सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम असते, म्हणून त्याला जवळजवळ ११ किलोग्रॅम हवा हवी. एक घनमीटर हवेचे वस्तुमान १.२ किलोग्रॅम धरले, तर ही हवा ९ घनमीटर भरते. म्हणजे लिटरभर पेट्रोलसाठी हजार लिटरच्या नऊ टाक्या भरून हवा! पेट्रोल सिलिंडरात कितीही ओतता येईल, पण त्याच्या जोडीला हवा पोचली नाही तर ते जळणार नाही. तेव्हा एंजिनाची शक्ती किती हे शेवटी ठरते ते एंजिन दर मिनिटाला किती हवा आत घेऊ शकते यावर.

हवा जास्त घ्यायची तर दोन मार्ग आहेत. एक, एंजिनच मोठे बनवायचे. दुसरा, आहे त्याच सिलिंडरात हवा दाबून भरायची. चूल नीट पेटत नसली की आपण फुंकणीने वारा घालतो, लोहार भाता मारतो. त्यातलाच हा प्रकार.

हा भाता चालवायचा कशाने? स्वित्झर्लंडमधील अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली याचे उत्तर पेटंटात मांडले. पेट्रोल जाळून मिळणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता धुराबरोबर बाहेर जाते. या धुराच्या वाटेत एक लहान पंखा, म्हणजे टर्बाइन, बसवायचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा बसवायचा. तो बाहेरची हवा ओढून, दाबून एंजिनात पाठवतो. मोटारीच्या टर्बोतील हा दांडा मिनिटाला एक लाखाहूनही अधिक फेरे घेऊ शकतो, आणि त्याच्या एका टोकाशी वायूंचे तापमान ८०० ते ९०० अंश सेल्सिअस असते.

१९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने टर्बो लावलेले विमानाचे लिबर्टी एंजिन पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या डोंगरावर नेऊन चालवून दाखवले. तेथील विरळ हवेत साध्या एंजिनाची शक्ती बरीच घटे. टर्बो लावल्यावर मात्र ते समुद्रसपाटीवर देई तेवढी शक्ती तेथेही देऊ लागले. पुढे जहाजे, मालमोटारी आणि आगगाड्यांच्या डिझेल एंजिनांत टर्बो उत्तम रुळला आणि तेथे त्याने इंधन वाचवलेही. पेट्रोल एंजिनात मात्र घोडे अडले.

पहिली अडचण : दाबलेली हवा तापते

सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा. ते गरम लागते. घर्षण हे याचे एक कारण आहे, पण मुख्य कारण असे की वायू झपाट्याने दाबला की त्याचे तापमान वाढते. टर्बोतही हेच घडते.

१९७५ साली बाजारात आलेल्या पोर्श ९११ टर्बो या गाडीत हवेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १.८ पट केला जाई. बाहेरची हवा २७ अंशांची, म्हणजे ३०० केल्व्हिन, धरू. दाबण्याची क्रिया अगदी आदर्श असती तर तापमान ५५ अंशांनी वाढले असते. पण त्या काळच्या पंख्याची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर वाढ ८४ अंशांची होते. म्हणजे एंजिनाकडे जाणारी हवा १११ अंशांची, उकळत्या पाण्याहून गरम!

वायूची घनता दाबाच्या सम प्रमाणात आणि केल्व्हिन तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे तुम्हांला ठाऊक आहे. तेव्हा घनता १.८ × ३०० ÷ ३८४ = १.४ पट झाली. दाब ८० टक्के वाढवला, पण हवा मिळाली फक्त ४० टक्के जास्त. आणि गरम हवेने याहून मोठी एक आपत्ती ओढवते.

दुसरी अडचण : एंजिनाचे ठोके

पेट्रोल एंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि मग ठिणगी पडते. ज्योत ठिणगीपासून सुरू होऊन शिस्तीने पुढे सरकत जाते. पण मिश्रण आधीच फार गरम व फार दाबलेले असेल, तर ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले मिश्रण एकदम भडकते. दट्ट्यावर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक याला नॉकिंग म्हणतात. ते फार वेळ चालू राहिले तर दट्ट्याला चक्क भोक पडते.

टर्बोमुळे गरम आणि दाबलेली हवा आत येऊ लागल्यावर ठोके होणारच. ते टाळण्यासाठी त्या काळच्या अभियंत्यांनी सरळ उपाय केला. सिलिंडरातले दाबणेच कमी केले, म्हणजे संपीडन गुणोत्तर घटवले. दट्ट्या तळाशी असतानाचे आकारमान आणि तो माथ्याशी असतानाचे आकारमान यांचे जे गुणोत्तर, ते संपीडन गुणोत्तर होय.

बीएमडब्ल्यूच्या २००२ या गाडीची दोन रूपे पाहू. दोहोंचे एंजिन १,९९० घनसेंटिमीटरचेच. बिनटर्बोच्या ‘टीआय आय’ रूपात गुणोत्तर ९.५ आणि शक्ती १३० अश्वशक्ती. टर्बो रूपात गुणोत्तर फक्त ६.९ आणि शक्ती १७० अश्वशक्ती. पोर्श ९११ टर्बोत तर गुणोत्तर ६.५ इतके खाली होते.

येथेच पेट्रोलच्या उधळपट्टीचे मूळ आहे. ज्या जर्मन संशोधकाने चार धावांचे एंजिन यशस्वी केले, त्या निकोलाउस ऑटो याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चक्राची आदर्श कार्यक्षमता या सूत्राने मिळते : १ मधून, संपीडन गुणोत्तराच्या ०.४ व्या घाताचा व्यस्तांक वजा करायचा. सूत्रात आकडे घालून पाहू. गुणोत्तर ९.५ असताना कार्यक्षमता ५९.४ टक्के येते, तर ६.९ असताना ५३.८ टक्के. प्रत्यक्ष एंजिनाची कार्यक्षमता याच्या निम्म्याच्या आसपास असते, पण दोहोंतील प्रमाण साधारण तेच राहते. याचा अर्थ असा, की जे काम पहिले एंजिन १०० लिटर पेट्रोलमध्ये करील, त्यासाठी दुसऱ्याला ११० लिटर लागतील.

ध्यानात घेण्याची गोष्ट अशी, की हा दंड सदासर्वदा भरावा लागतो. टर्बो जोरात असो वा नसो, गाडी बाजारातून रमतगमत चाललेली असो, कमी गुणोत्तराचा तोटा चुकत नाही. शक्तीचा उपयोग दिवसातून दोन मिनिटे, आणि तिची किंमत मात्र दिवसभर!

तिसरी अडचण : पेट्रोलचा उपयोग पाण्यासारखा

गुणोत्तर कमी करूनही भागत नसे. पूर्ण जोरात एंजिन चालले की टर्बाइनची पाती आणि दट्ट्याचा माथा वितळण्याच्या बेताला येई. मग थंडावा कुठून आणायचा? पेट्रोलमधूनच! स्पिरिटचा थेंब हातावर पडला की गार वाटते. द्रवाची वाफ होताना ती उष्णता शोषून घेते. एक किलोग्रॅम पेट्रोलची वाफ होताना सुमारे ३५० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. म्हणून या एंजिनांत पूर्ण जोराच्या वेळी जरुरीपेक्षा जास्त पेट्रोल सोडत. १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल पुरेसे असताना ११.५ भाग हवेलाच १ भाग पेट्रोल दिले जाई. त्याच हवेमागे हे सुमारे २८ टक्के जादा पेट्रोल झाले. या जादा पेट्रोलला जळायला प्राणवायूच शिल्लक नसतो. ते अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेली हायड्रोकार्बने होऊन धुरातून निघून जाते. गाडीच्या मागे काळसर धूर दिसे, तो याचाच.

अमेरिकेतील ओल्ड्समोबील कंपनीने १९६२ साली आपल्या जेटफायर गाडीत वेगळी युक्ती केली होती. तिच्या एंजिनाचे गुणोत्तर १०.२५ असे उंच ठेवून, जोराच्या वेळी मिश्रणात पाणी व मेथॅनॉल यांचा फवारा मारला जाई. कल्पना शास्त्रशुद्ध होती, पण या द्रवाची टाकी भरून ठेवण्याचे बहुतेक मालक विसरत, आणि दोन वर्षांतच ही गाडी मागे पडली. यंत्राची रचना करताना माणसाचा विसराळूपणाही हिशेबात धरावा लागतो.

रस्त्यावर लागतात किती घोडे?

आता गाडीच्या मालकाकडे वळू. आपण एक नमुना गाडी मानू : माणसांसह वस्तुमान १,३०० किलोग्रॅम, समोरून दिसणारे क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर, हवेच्या रोधाचा गुणांक ०.३९. त्या काळच्या क्रीडामोटारींचे आकडे साधारण असेच असत.

ताशी ९० किलोमीटर वेगाने जाताना या गाडीला हवेचा रोध सुमारे २६३ न्यूटन आणि चाकांचा रोध सुमारे १५३ न्यूटन, असा एकूण ४१६ न्यूटन रोध होतो. सेकंदाला २५ मीटर या वेगाने गुणले तर शक्ती १०.४ किलोवॉट, म्हणजे १४ अश्वशक्ती. एंजिन २६० अश्वशक्तीचे आणि काम फक्त १४ घोड्यांचे!

मग अशा वेळी एंजिन काय करते? हवेच्या वाटेवरचे थ्रॉटल नावाचे झाकण जवळजवळ बंद होते आणि दट्ट्यांना अरुंद फटीतून हवा ओढावी लागते. बारीक नळीने दाट लस्सी ओढताना गाल दुखतात, तसेच हे. ही ओढाताण आणि घर्षण यांत एंजिनाची बरीच मेहनत वाया जाते आणि कार्यक्षमता १८ टक्क्यांच्या आसपास उतरते. तरीही आपल्या नमुना गाडीला १०० किलोमीटरला सुमारे ८ लिटर पेट्रोल लागेल. आपल्या भाषेत, गाडी लिटरला १२ किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज देईल. हे काही वाईट नाही.

आता ताशी २५० किलोमीटरचा विचार करा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एकूण रोध सुमारे २,१८० न्यूटन होतो, म्हणजे पहिल्याच्या पाचपटीहून अधिक. त्यात पेट्रोल थंडाव्यासाठी उधळले जात असल्याने कार्यक्षमता २२ टक्के धरू. गणित केल्यावर उत्तर येते १०० किलोमीटरला सुमारे ३४ लिटर, म्हणजे लिटरला तीन किलोमीटरही नाही. ८० लिटरची टाकी तासाभराच्या आत रिकामी! एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तेव्हा त्याच १०० किलोमीटरच्या प्रवासात पहिल्या चालकाने हवेत १८ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडला, तर दुसऱ्याने ८० किलोग्रॅमच्या आसपास.

गाडी तीच, एंजिन तेच आणि टर्बोही तोच. फरक चालकाच्या उजव्या पायाचा. जुन्या टर्बोत आणखी एक खोड होती. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर पंख्याने वेग घेईपर्यंत सेकंद-दोन सेकंद काहीच होत नसे आणि मग एकाएकी धक्का बसून गाडी सुटे. हा धक्का अनेकांना आवडे. त्यासाठी ते पुन्हा पुन्हा पाय दाबत आणि पेट्रोलचा काटा खाली सरकत जाई.

तोडगे कसे निघाले?

दोष टर्बोच्या मूळ कल्पनेत नव्हता, तो उष्णतेत होता. म्हणून तोडगेही उष्णतेवरचेच निघाले. १९७८ साली पोर्शने टर्बो आणि एंजिन यांच्यामध्ये हवा थंड करणारी जाळी, म्हणजे इंटरकूलर, बसवली. आपल्या मघाच्या उदाहरणात हवा १११ अंशांवरून ६० अंशांवर आणली, तर घनता १.४ ऐवजी १.६२ पट होते. गुणोत्तरही ६.५ वरून ७ वर नेता आले.

स्वीडनच्या साब कंपनीत पेर यिलब्रांड या अभियंत्याने वेगळी वाट धरली. शक्तीचा विक्रम करण्यासाठी नव्हे, तर मोठ्या एंजिनाचे काम दोन लिटरच्या लहान एंजिनाकडून करून घेण्यासाठी त्याने टर्बो वापरला. लहान एंजिनात घर्षण कमी आणि थ्रॉटलपाशी होणारी ओढाताणही कमी. पुढे १९८२ च्या गाड्यांत एंजिनाला ठोके ऐकणारा ‘कान’ बसवण्यात आला. ठोका सुरू होताच विद्युत मंडल टर्बोचा दाब क्षणात उतरवी. आता भीतीपोटी गुणोत्तर फार खाली ठेवण्याचे कारण उरले नाही; ते ७.२ वरून ८.५ वर गेले. ऑटोचे सूत्र लावा : कार्यक्षमता ५४.६ वरून ५७.५ टक्क्यांवर येते.

सर्वांत कडक परीक्षा झाली ती शर्यतीच्या मैदानावर. फॉर्म्युला वन शर्यतींत १९८४ पासून पेट्रोलवर मर्यादा घालण्यात आली. सुमारे ३०० किलोमीटरच्या शर्यतीसाठी आधी २२० लिटर, १९८६ साली १९५ लिटर आणि १९८८ साली टर्बो गाड्यांना फक्त १५० लिटर. १९८६ च्या जर्मनीतील शर्यतीत फ्रेंच चालक अलँ प्रॉस्ट याचे पेट्रोल शेवटच्या फेरीत संपले, आणि हजारो प्रेक्षकांसमोर तो खाली उतरून गाडी ढकलू लागला! १९८८ मध्ये होंडा कंपनीने दीड लिटरच्या एंजिनाचे गुणोत्तर ९.४ पर्यंत चढवले आणि इंधन आधी तापवून आत सोडले, म्हणजे त्याची वाफ नीट व्हावी. ठोके कमी देणारे टोल्यूइन हा त्या इंधनाचा मुख्य घटक होता. हे एंजिन एका किलोवॉट-तासाला सुमारे २७२ ग्रॅम इंधनावर चालू शके. म्हणजे कार्यक्षमता ३२ टक्क्यांच्या आसपास. हे एंजिन बसवलेल्या मॅक्लारेन गाड्यांनी त्या वर्षीच्या १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. पेट्रोल कमी मिळाल्यामुळेच अभियंत्यांना एंजिन शहाणे करावे लागले.

कोड्याचे उत्तर

टर्बो धुरातली ऊर्जा वाचवतो, हे खरे. पण जुन्या गाड्यांत ती वाचवण्यासाठी आधी संपीडन गुणोत्तर घटवावे लागे आणि वर थंडाव्यासाठी पेट्रोल ओतावे लागे. एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने जाई. शिवाय मिळालेली जादा शक्ती बचतीसाठी न वापरता वेगासाठी वापरली गेली. त्याच आकाराच्या साध्या एंजिनाशी तुलना केली, तर जुनी टर्बो गाडी उधळी ठरते. तेवढ्याच शक्तीच्या मोठ्या एंजिनाशी तुलना केली, तर ती पुष्कळदा तितकी वाईट ठरत नाही. तुलना कशाशी केली हे विचारल्याशिवाय कोणाचाही आकडा मान्य करू नये.

आज आपल्या रस्त्यांवर एक ते सव्वा लिटरच्या टर्बो पेट्रोल एंजिनाच्या अनेक गाड्या धावतात. त्यांतील कित्येक एंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाते, त्यामुळे थंडावा नेमका हवा तेथे मिळतो, आणि गुणोत्तर १० च्या आसपास ठेवता येते. पण हवेचा रोध मात्र १९७३ साली होता तसाच वेगाच्या वर्गाने वाढतो. तो कोणत्याही नव्या यंत्राने बदललेला नाही.

तुम्हीच सोडवा

१. एक गाडी १०० किलोमीटरला ८ लिटर पेट्रोल घेते, दुसरी १० लिटर. प्रत्येकीचे लिटरला किती किलोमीटर?

२. टर्बोने दाब १.८ पट केला, पण पंखा जुना असल्याने हवा २७ अंशांवरून १४७ अंशांवर तापली. घनता किती पट झाली?

३. संपीडन गुणोत्तर ८ असताना ऑटो चक्राची आदर्श कार्यक्षमता काढा. (८ चा ०.४ वा घात २.३० धरा.)

४. घरी किंवा शेजारी दुचाकी असेल, तर महिनाभर दर वेळी भरलेले पेट्रोल आणि त्या वेळचा किलोमीटरचा आकडा वहीत मांडा. एक आठवडा नेहमीसारखी, तर एक आठवडा ताशी ४५ किलोमीटरच्या आत चालवायला मोठ्यांना सांगा, आणि दोन्ही आठवड्यांचे अ‍ॅव्हरेज काढून वर्गात ताडून पाहा.

(उत्तरे : १. १२.५ व १०. २. सुमारे १.२९ पट. ३. सुमारे ५६.५ टक्के.)